पडद्यावरील शब्दांचें माहेर

ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी पूर्वतीरावर उतरली, कीं पहिलें स्टेशन लागतें तें कळव्याचें. हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून सुटून ठाण्यास येऊन थांबली. पुढें वर्षभरानें, १ मे १८५४ रोजीं, ती खाडीवरील पूल ओलांडून कल्याणास पोंचली, तेव्हां कळव्याच्या भातखाचरांनीं इंजिनाची शीळ प्रथम ऐकली. १९१६ सालीं शेजारच्या पारसिक डोंगराच्या पोटांतून बोगदा निघाला. त्यानंतर सीमेन्स, मुकुंद यांसारखे कारखाने आले, विजेच्या गाड्यांची शेड आली, आणि १९८२ सालीं ठाण्याची महानगरपालिका झाली तेव्हांपासून कळवा शहरांतच जमा झाला. जेथें भाताची लावणी होई तेथें आतां यंत्रावर चित्रें काढणारीं मुलें राहतात. खाचर आणि यंत्र ह्या दोहोंमध्यें वरवर पाहतां कांहींच नातें दिसत नाहीं. परंतु एक नातें आहे, आणि तें शब्दांचें आहे.

दिवाळीच्या दिवसांत कळव्याच्या कोणत्याही चाळींत गेलें तर एक दृश्य हटकून दिसावें. उंबऱ्याबाहेर घरची गृहिणी ठिपक्यांची रांगोळी काढीत असते. प्रथम ती सारख्या अंतरावर ठिपक्यांच्या ओळी मांडते, मग ठिपक्याला ठिपका जोडते, आणि शेवटीं रिकाम्या घरांत रंग भरते. आंत तिचाच मुलगा संगणकापुढें बसून चित्र काढीत असतो. त्याच्याही पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी आहेत. तोही रेषा जोडतो, आणि तोही रिकाम्या जागीं रंग ओततो. दोघांचें काम एक, परंतु आईनें आंत डोकावून "हा तुझा पिक्सेल म्हणजे रे काय?" असें विचारलें, तर मुलाला उत्तर देतां येतेंच असें नाहीं. पिक्सेल कसा वापरावा हें त्याला ठाऊक आहे. त्या शब्दाचा अर्थ मात्र त्याला कोणीं सांगितलेला नाहीं. आपल्या मुलांच्या तोंडीं आज असे शेंकडों शब्द आहेत, आणि ते त्यांना मंत्रासारखे पाठ झाले आहेत. मंत्र पाठ होतो, पण त्यावर प्रश्न विचारण्याची संवय राहत नाहीं, ही त्यांतली काळजीची बाजू होय.

वास्तविक हे शब्द मंत्र नाहींत. ते शेतांतून, सुताराच्या शेडमधून, छापखान्यांतून आणि स्वयंपाकघरांतून उचललेले आहेत. पिक्सेलचेंच पाहावें. इंग्रजींत चित्राला जो शब्द आहे त्याचें लघुरूप अमेरिकेंतील सिनेमाच्या पत्रकारांनीं १९३० नंतरच्या काळांत 'पिक्स' असें केलें. त्या लघुरूपाला 'एलेमेंट' म्हणजे मूळ घटक ह्या शब्दाचें शेपूट जोडून पिक्सेल झाला. १९६५ सालीं चंद्र आणि मंगळ यांचीं यानांनीं घेतलेलीं छायाचित्रें तपासणाऱ्या फ्रेड बिलिंग्जली नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें तो प्रथम छापून प्रसिद्ध केला. म्हणजे चित्राचा कण एवढाच त्याचा अर्थ. ज्या गृहिणीला ठिपका ठाऊक आहे, तिला पिक्सेलही ठाऊक आहे. फक्त त्यांची ओळख करून देणारा कोणी भेटला नव्हता.

हे ठिपके ज्या आडव्या ओळींत मांडले जातात, त्या मांडणीस 'रास्टर' म्हणतात. जुन्या दूरचित्रवाणी संचांत कांचेच्या नळींतील विद्युत्कणांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढी, मग खालीं उतरून दुसरी ओढी, आणि अशा शेंकडों ओळींचें मिळून चित्र होई. ह्या ओळींना रास्टर हें नांव जर्मन भाषेंतून आलें, आणि जर्मनांनीं तें लॅटिनवरून घेतलें. लॅटिनमध्यें 'रास्ट्रुम' म्हणजे दंताळें. शेतकरी खळ्यावर किंवा भाजवणीच्या राबावर दंताळें ओढतो, तेव्हां त्याच्या दातांच्या सारख्या अंतरावरील रेघा जमिनीवर उमटतात. मध्ययुगांत युरोपांतील संगीताच्या पोथ्या लिहिणारे लेखक पांच टोंकांच्या एका लेखणीनें एकदम पांच रेघा मारीत. त्या लेखणीलाही रास्ट्रुमच म्हणत. कळव्याच्या खाचरांत ज्यांचे आजे-पणजे दंताळें ओढीत होते, त्यांचे नातू आज रास्टर चित्रांवर काम करतात, आणि आपण आजोबांचेंच अवजार हातीं धरलें आहे ह्याची त्यांना वार्ताही नाहीं.

ह्या मुलुखांत यंत्राच्या पडद्यावर रेषा उमटूं लागल्याला आतां साठांहून अधिक वर्षें झालीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्याच अभियंत्यांनीं बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं चालूं झाला, आणि १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. ह्या संगणकाला किरणनळीचा एक पडदा जोडलेला होता, व त्यावर आलेख आणि अक्षरें पाहतां येत असत. अमेरिकेंत बोइंग विमानांच्या कारखान्यांतील विल्यम फेटर ह्यानें 'संगणकीय आलेखन' ह्या अर्थाचें नांव ह्या विद्येला दिलें तें १९६० सालींच. आणि आयव्हन सदरलँड ह्या विद्यार्थ्यानें प्रकाशाच्या लेखणीनें पडद्यावर थेट रेषा काढण्याची युक्ति १९६३ सालीं सिद्ध केली. म्हणजे ही विद्या जगांत पाळण्यांत होती, तेव्हांच तिची ओळख मुंबईस झाली होती.

नवीन विद्येला शब्द लागतात. पाश्चात्य कारागिरांनीं ते कोठून आणले? जवळ हात पोंचेल तेथून. ज्या पृष्ठावर चित्र काढावयाचें त्याला त्यांनीं 'कॅनव्हास' म्हटलें. कॅनव्हास म्हणजे जाडें भरडें कापड. हा शब्द भांगेच्या झाडाच्या लॅटिन नांवावरून आला, कारण त्या झाडाच्या वाखाचें कापड गलबतांच्या शिडांसाठीं विणीत. रंग मांडण्याच्या फळीला त्यांनीं 'पॅलेट' म्हटलें; तिचा मूळ अर्थ लहानसें फावडें. पडद्यावर धांवणाऱ्या खुणेला 'कर्सर' म्हटलें. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ धांवणारा, आणि जुन्या इंग्रजींत निरोप घेऊन धांवणारा जासूद. संगणकापूर्वीं तो शब्द अभियंत्यांच्या गणकपट्टीवर नांदत होता. त्या पट्टीवर इकडून तिकडे सरकणारी, मध्यें बारीक रेघ असलेली जी कांचेची चकती असे, तीच कर्सर. ज्यांनीं संगणकापूर्वींच्या काळांत कारखान्यांतील नकाशे तयार केले, त्यांच्या खिशांत हा जासूद रोज असे.

कांहीं शब्दांचा प्रवास तर थक्क करणारा आहे. चित्राचा कोणता भाग किती पारदर्शक असावा हें सांगणारा जो जादा आंकडा प्रत्येक ठिपक्याबरोबर ठेवतात, त्याला 'आल्फा' म्हणतात. एड कॅटमल आणि आल्व्ही रे स्मिथ ह्या दोघां अमेरिकनांनीं १९७७ च्या सुमारास ही युक्ति काढली, आणि दोन चित्रें एकमेकांत मिसळण्याच्या सूत्रांत जें ग्रीक अक्षर होतें तेंच तिला नांव म्हणून दिलें. परंतु हें ग्रीक अक्षर ग्रीकांनीं फिनिशियन व्यापाऱ्यांकडून उचललें, आणि त्यांच्या भाषेंत त्या अक्षराच्या नांवाचा अर्थ होता बैल. मूळ अक्षर बैलाच्या शिंगाळ्या डोक्यासारखेंच काढीत. म्हणजे पडद्यावर धुकें पसरवणारा तो सूक्ष्म आंकडा शोधतां शोधतां अखेर गोठ्यांत नेऊन सोडतो.

चित्र फिरविण्यासाठीं, लहान-मोठें करण्यासाठीं गणिताचा जो आंकड्यांचा चौकोन वापरतात, त्याचें नांव 'मॅट्रिक्स'. हा शब्द गणितांत १८५० सालीं सिल्व्हेस्टर ह्या इंग्रज गणितज्ञानें आणला. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ गर्भाशय. तो 'मातर' म्हणजे आई ह्या शब्दापासून निघाला, आणि आपला 'माता' शब्द त्याचा सख्खा भाऊबंद आहे. ज्या आंकड्यांच्या पोटांतून पुढील आंकडे जन्मास येतात, तो चौकोन त्यांची आई, अशी सिल्व्हेस्टरची कल्पना. गणित रुक्ष म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां वांकड्या रेषेकडे वळावें. सरळ रेषा पट्टीनें निघते, वर्तुळ कंपासानें निघतें. परंतु होडीच्या पोटाचा बाक कशानें काढावा? ह्या प्रश्नाचें उत्तर सुतारांनीं दिलें. कल्याणच्या खाडीला हा प्रश्न नवा नव्हता. शिवछत्रपतींनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथेंच स्वराज्याचीं पहिलीं लढाऊ गलबतें बांधावयास घेतलीं, आणि त्या कामीं कांहीं पोर्तुगीज कारागीरही प्रारंभीं नेमले होते. पुढें मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १७३६ पासून पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधलीं. त्यांचें १८१७ सालचें सागवानी 'ट्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत अजून पाण्यावर आहे. इंग्रजी गोद्यांमध्यें जहाजाचा आराखडा जमिनीवर पूर्ण आकारांत काढतांना लांकडाची एक लवचीक कांब ठराविक बिंदूंपाशीं शिशाच्या वजनांनीं दाबून धरीत. कांब आपोआप जो सुरेख बाक घेई, त्याच्या कडेनें रेषा ओढीत. त्या कांबेचें नांव 'स्प्लाइन'. वजनांचा आकार पाहून सुतार त्यांना 'बदकें' म्हणत.

हीच कांब पुढें मोटारींच्या कारखान्यांत गेली. १९४६ सालीं शेनबर्ग ह्या गणितज्ञानें तिचें नांव एका विशिष्ट वक्ररेषेच्या गणितास दिलें. फ्रान्समध्यें सित्रोएन मोटारींच्या कारखान्यांत द कास्तेल्जो ह्यानें १९५९ सालापासून, आणि रेनोच्या कारखान्यांत पिएर बेझिए ह्यानें १९६० नंतर, मोटारीच्या पत्र्याचा बाक आंकड्यांनीं सांगण्याची पद्धति स्वतंत्रपणें बसविली. बदकांच्या जागीं आतां आंकडे आले. परंतु चार खुणा ठरवाव्या आणि मधली रेषा आपणहून वळूं द्यावी, ही सुताराची अक्कल तशीच राहिली. पूर्वीं यंत्रांच्या कारखान्यांतून उतरत्या फळीपुढें उभें राहून टी-पट्टी, कंपास आणि वांकडी पट्टी घेऊन आराखडे काढणाऱ्यांची मोठी फौज असे. संगणक आला तेव्हां त्यांच्यांतील कित्येकांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवें यंत्र शिकावें लागलें. हें यंत्र परक्या मुलुखांतून आलेलें नसून आपल्याच लांकडी पट्टीचें तें लेंकरूं आहे, असें त्यांना कोणी सांगितलें असतें, तर त्यांच्या मनावरचें पुष्कळसें दडपण उतरलें असतें.

संगणकावर चित्र काढणारा प्रत्येक जण 'लेअर' म्हणजे थर वापरतो. आकाश एका थरावर, झाडें दुसऱ्यावर, माणसें तिसऱ्यावर. एक थर बिघडला तरी बाकीचे शाबूत राहतात. ही युक्ति महाराष्ट्रानें शंभर वर्षांपूर्वींच दगडावर पाहिली होती. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला, आणि पुढें तो पुण्याच्या वाटेवर मळवलीस हलविला. तेथील लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. त्या छापण्याची रीति अशी कीं जितके रंग तितके दगड. एका दगडावर पिवळ्याचा भाग, दुसऱ्यावर तांबड्याचा, तिसऱ्यावर निळ्याचा. आणि एकच कागद प्रत्येक दगडावरून जावयाचा. कागद केसभर सरकला कीं लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जाई. म्हणून कागदाच्या कडेला खुणा करून ठेवीत, आणि त्या खुणा जुळविणें हें मोठ्या जबाबदारीचें काम समजत. रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशीं संबंध आलेले दादासाहेब फाळके पुढें स्वतःचा कोरीव ठशांचा व छपाईचा धंदा करूं लागले, आणि १९१३ सालीं त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणला. छायाचित्राचा ठसा करावयाचा तर त्याचे लहान-मोठे ठिपके पाडावे लागतात, हें ठसे करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असे. थर आणि ठिपका ह्या दोन्ही कल्पना अशा रीतीनें आपल्या कारागिरांच्या हाताखालून गेलेल्या आहेत.

ह्या सर्वांहून जवळचें उदाहरण अक्षरांचें. संगणकावर अक्षरांच्या वळणाला 'फॉन्ट' म्हणतात. हा शब्द फ्रेंचांच्या वितळविणें ह्या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला. एका वेळीं ओतून काढलेल्या अक्षरांचा संच म्हणजे फॉन्ट. मराठीनें ह्याच वस्तूला 'खिळा' हें नांव दिलें. शिशाच्या मिश्रणाचा लांबट तुकडा, त्याच्या डोक्यावर उलटें अक्षर; दिसावयास तो खिळ्यासारखाच. खिळे जुळविणारा तो 'जुळारी'. कोशकारांच्या सभेंत बसून हे शब्द कोणीं ठरविले नाहींत; काळ्या झालेल्या बोटांनीं ते घडविले.

मराठी खिळ्यांचा इतिहास जावजी दादाजी ह्या नांवावांचून पुरा होत नाहीं. लहानपणीं त्यांनीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याचें काम केलें. १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा अक्षरें ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. त्यांच्या खिळ्यांतून छापलेलीं संस्कृत पुस्तकें हिंदुस्थानांतच काय, युरोपांतील विद्यापीठांतही वाखाणलीं गेलीं. देवनागरीचें काम इंग्रजीपेक्षां कितीतरी अवघड. इंग्रजी जुळाऱ्यापुढें मोठ्या अक्षरांची पेटी वरच्या बाजूस आणि लहान अक्षरांची खालच्या बाजूस असे, आणि त्यावरूनच आजही संगणकावर 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात. 'केस' म्हणजे खिळ्यांची लांकडी पेटी. मराठी जुळाऱ्यास मात्र काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरें धरून शेंकडों खिळ्यांचीं घरें पाठ ठेवावीं लागत. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेंही आपल्या धकाधकीच्या आयुष्यांतून वेळ काढून खटपट केली. बापूराव नाईक ह्यांनीं देवनागरी मुद्राक्षरांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयानें १९७१ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत ह्या सर्व खटपटींचा साद्यंत वृत्तान्त आहे.

दोन ओळींमधील अंतराला संगणकावर 'लेडिंग' म्हणतात. तें 'लेड' म्हणजे शिसें ह्यावरून, कारण दोन ओळींच्या मध्यें जुळारी शिशाची पट्टी सरकवीत असे. दोन अक्षरांना जवळ घेण्याला 'कर्निंग' म्हणतात. त्याच्या मुळाशीं फ्रेंचांचा कोपरा आणि त्याच्याही मागें लॅटिनमधील दाराची बिजागरी आहे. खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावणारा अक्षराचा कोपरा शेजारच्या खिळ्यावर टेकावा, ही ती मूळ युक्ति. मराठी जुळाऱ्याला ती चांगलीच ठाऊक होती, कारण पुढील अक्षरावर झुकणारी वेलांटी आणि मागील अक्षरावर चढणारा रफार ही त्याची रोजची कसोटी होती.

१९८० नंतर खिळे जाऊं लागले. शिशाच्या जागीं छायाक्षरजुळणी आली, तिच्या जागीं संगणक आला, आणि पंधरा-वीस वर्षांत गांवोगांवचे जुळारी घरीं बसले. त्यांच्या पेट्या भंगारांत गेल्या. पेट्यांबरोबर शब्दही गेले. देवनागरी अक्षर नव्या यंत्रांत नेण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत र. कृ. जोशी ह्यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. ते कवि, सुलेखनकार आणि पवईच्या आय.आय.टी.मधील अभिकल्पाचे प्राध्यापक. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांतील संगणकशास्त्रज्ञांबरोबर त्यांनीं अक्षररचनेच्या प्रणालीवर काम केलें. तिचें नांव 'विन्यास'. विन्यास म्हणजे मांडणी. केशविन्यास ज्याला समजतो त्याला हा शब्दही समजतो. विंडोज प्रणालीबरोबर घरोघर गेलेल्या 'मंगल' ह्या अक्षरवळणाचे कर्ते जोशीच. २००८ सालीं त्यांचें निधन झालें. आज पडद्यावरील मराठी वेलांटीची प्रत्येक वळणदार रेषा मोटारीच्या पत्र्यासाठीं निघालेल्या त्याच फ्रेंच गणितानें रेखली जाते, आणि त्या गणितामागें सुताराची कांब उभी आहे.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ शब्दांच्या हौशीचा नाहीं. इंग्रजांनीं दंताळें, फावडें, पेटी आणि शिसें ह्यांचींच नांवें नव्या यंत्राला दिलीं. मराठीनें आपल्या खिळ्याला आणि जुळाऱ्याला ती संधि दिली काय? महाराष्ट्र राज्य झालें त्याच सालीं, १९६० मध्यें, भाषा संचालनालय स्थापन झालें, आणि त्यानें अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश तयार केले. ह्या कामामागें कष्ट होते आणि निष्ठाही होती. संस्कृताकडे वळण्यालाही कारण होतें: संस्कृत धातूपासून दहा शब्द एकाच शिस्तींत बनवितां येतात, आणि ते शेजारच्या भाषांनाही परके वाटत नाहींत. 'संगणक' हा शब्द असाच रुजला. गणितांतील 'सदिश' हा शब्दही उघडून पाहिला तर मोठा प्रामाणिक आहे: ज्याला दिशा आहे तो सदिश. त्याचा इंग्रजी भाऊ 'व्हेक्टर' ह्याचा मूळ अर्थ वाहून नेणारा, म्हणजे हमालच. दोन्हींपैकीं मराठी शब्द अधिक नेमका आहे, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु कोश छापला म्हणजे शब्द चालला असें होत नाहीं. शिवकाळांत फारसी दरबारी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द योजणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यामागील स्वाभिमान वंदनीय होता. तरीही 'दप्तर', 'सरकार' आणि 'किल्ला' हे शब्द आजतागाईत मराठींतच आहेत. शब्द जगतो तो वापरणाऱ्यांच्या जिभेवर, आणि जीभ ओळखीच्या शब्दाला लौकर जागा देते. 'टंकलेखन' हा शब्द टिकला, ह्याचें एक कारण हें असावें कीं 'टंक' मराठी माणसाला परका नव्हता. टंक म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी आणि टंक म्हणजे ठसा मारलेलें नाणें. पाथरवटाची 'टाकी' आणि नाण्यांची 'टांकसाळ' हीं त्याचींच लेंकरें. टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, असें म्हणणाऱ्या समाजाला टंकलेखन म्हणजे अक्षराचा घाव घालणें हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

तसाच दुसरा शब्द 'पोत'. चित्रांतील पृष्ठभाग खरबरीत आहे कीं गुळगुळीत, हें दाखविणाऱ्या गुणाला इंग्रजींत 'टेक्श्चर' म्हणतात. तो लॅटिनमधील विणणें ह्या क्रियापदापासून आला. आपल्याकडे लुगडें घेतांना बोटांनीं चोळून पोत पाहण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दोन भाषा एकमेकींस न विचारतां मागाकडेच गेल्या. 'थर', 'सांचा', 'पडदा' हे शब्दही असेच विनासायास यंत्रांत शिरले, आणि कोणीं त्यांना अडविलें नाहीं.

ह्यांत धोका आहे तो इंग्रजी शब्दांचा नव्हे. पिक्सेल आणि कर्सर मराठींत राहिले म्हणून मराठी बुडणार नाहीं; टेबल आणि स्टेशन राहिले म्हणून ती बुडाली नाहीं. धोका आहे तो न उमगलेल्या शब्दाचा. ज्या मुलाला शब्दाचें मूळ ठाऊक नाहीं, तो यंत्राला शरण जातो. दुसऱ्यानें केलेल्या वस्तूचा तो वापरणारा होतो, नवी वस्तु करणारा होत नाहीं. उलट ज्याला हें कळलें कीं रास्टर म्हणजे दंताळें, स्प्लाइन म्हणजे सुताराची कांब आणि लेडिंग म्हणजे शिशाची पट्टी, त्याला हेंही कळतें कीं ही विद्या माणसांनींच, हातांतल्या कामांतून, एकेक अडचण सोडवीत उभारली. जें माणसांनीं उभारलें, तें आपल्यालाही उभारतां येईल, हा विश्वास त्यांतून येतो. आणि दुसरी गोष्ट: घरांतल्या वडील माणसांना मुलांच्या विद्येंत कांहीं वांटा राहतो. ज्या आजोबांना यंत्र सुरूंही करतां येत नाहीं, त्यांना दंताळें सांगतां येतें.

ह्या विद्येच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध वस्तु कोणती, असें विचारलें, तर उत्तर ऐकून नवल वाटावें. ती वस्तु म्हणजे चहाची किटली. १९७५ सालीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठांत मार्टिन न्यूएल हा संशोधक आपल्या गणितासाठीं एखादी वळणदार वस्तु शोधीत होता. घरीं चहाला बसला असतां पत्नीनें समोरची किटलीच सुचविली. त्यानें तिचें पोट, मान आणि तोटी आलेखाच्या कागदावर उतरवून आंकड्यांत मांडली. ते आंकडे त्यानें सर्वांस खुले केले, आणि तेव्हांपासून जगांतील प्रत्येक नवी चित्रप्रणाली आधीं ती किटली काढून पाहते. मूळ किटली आज कॅलिफोर्नियांतील संगणकांच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. ज्या विद्येनें चंद्र-मंगळाचीं चित्रें कण कण करून उतरविलीं, तिनें आपली कसोटी पाहण्यासाठीं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाहीं.

दिवाळी सरते, आणि उंबऱ्याबाहेरची रांगोळी चार दिवसांत पुसली जाते. पुढच्या वर्षीं ती पुन्हां निघते, कारण ठिपके कसे मांडावे हें आई मुलीला दाखविते आणि दाखवितांना त्यांचीं नांवेंही सांगते. खिळ्याच्या बाबतींत तें घडलें नाहीं. जुळाऱ्याची नांवें त्याच्या मुलांपर्यंत पोंचलीं नाहींत. पडद्यावरील शब्दांच्या बाबतींत तें अजून घडण्यासारखें आहे. त्यासाठीं नवा कोश लागत नाहीं. मुलगा आंत चित्र काढीत असतां बाहेरून आईनें एकदां विचारावें कीं हा शब्द कोठला, आणि उत्तर मिळेपर्यंत तिनें तेथून हलूं नये. एवढेंच पुरें आहे.